जुन्या डब्याची नक्कल

आमच्या शेजारच्या टायपिंगबाई रागावल्या की विरामचिन्हांसकट बोलतात. "दूधवाल्याला सांग, स्वल्पविराम, पिशवी दाराच्या मुठीला अडकवायची नाही, पूर्णविराम." टायपिंगच्या क्लासमध्ये आयुष्यभर मुलांना मजकूर सांगून जिभेला तेच वळण पडलं. मी घरी त्यांची नक्कल करते तेव्हा आई आधी पोट धरून हसते आणि मग डोळे पुसत म्हणते, "मोठ्या माणसांची अशी टिंगल करू नये गं." आईच्या या वाक्याचीही नक्कल मला जमते, पण ती मी दुसऱ्या खोलीत जाऊन करते.

क्लास बंद पडला तेव्हा सगळी यंत्रं भंगारात गेली. एक मात्र मावशींनी घरी आणलं. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. टायपिंगबाई हे पाठीमागचं नाव. रोज सकाळी बोटं मोकळी व्हावीत म्हणून त्या त्यावर काहीबाही बडवत बसतात. काय ते विचारलं तर म्हणतात, "व्यायाम करणाऱ्याला कुणी विचारतं का, कुठे निघालात?" कागद भरला की उलटा घालतात, तोही भरला की त्यात भाजीची देठं बांधतात. आमची आणि त्यांची भिंत एकच. खट, खट, खटाखट, ओळ संपल्याची टिंग, मग सर्रर्र. माझा चहा त्या सर्रर्रवर संपतो. ती अख्खी ओळ मला टेबलावर बोटांनी वाजवून दाखवता येते.

एके सकाळी भिंत गप्प. आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. दुसऱ्या सकाळीही तेच, तेव्हा आई म्हणाली, "जा, बघून ये. पण बघायला आल्यासारखं करू नकोस. काहीतरी मागायला जा."

"काय मागू?"

"स्टेपलर माग."

शाळा सुटल्यावर मी गेले. मावशींनी दार उघडलं. केस विंचरलेले, साडीची घडी नीट, सगळं जागच्या जागी. फक्त आवाज जरा खाली बसलेला, कुणाशी बोलणं झालं नाही की सकाळचा पहिला शब्द जसा निघतो तसा. वेळ मात्र दुपारची होती.

"स्टेपलर?" त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात दोन आहेत. त्यातला एक मीच दिलाय. आईने पाठवलं ना, आहे का गेली बघून ये म्हणून?"

"हो," मी म्हणाले. त्यांच्यापुढे थाप टिकत नाही.

"आहे, पूर्णविराम." पण दार लावलं नाही. आत वळल्या, म्हणजे मी यायचं होतं.

त्यांच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. एक त्यांची. दुसरीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत असते; मी लहानपणापासून त्या खुर्चीची बैठक पाहिलेली नाही. यंत्र खिडकीशी, जुन्या चादरीच्या तुकड्याखाली झाकलेलं. फळीवर वायफायचा एक नवाकोरा पांढरा डबा, वरची प्लास्टिकची झिल्लीही न काढलेला, त्यावर हिरवा ठिपका. आणि खिडकीच्या कट्ट्यावर तो दिवा. दुधी काचेचा, लहानशा भोपळ्याएवढा. बुडाशी एक लाल ठिपका उघडमीट करत होता.

"हा असा का करतोय?" मी विचारलं.

"मला काय माहीत. परवा नेटवाला येऊन गेला, तेव्हापासून डोळे वटारून बसलाय."

हा दिवा काय आहे ते सांगायला हवं. मावशींचा धाकटा भाऊ फार लांब, दुसऱ्या देशात असतो. एका मोठ्या इस्पितळाचं धुलाईखातं त्याच्या हाताखाली आहे. तिकडे त्याला सगळे सर म्हणतात, इकडे तो ठोंब्या. असे दोन दिवे असतात, वायफायने जोडलेले. एक ठोंब्यामामांकडे, एक मावशींकडे. मावशींनी आपल्या दिव्याला हात लावला की मामांचा पिवळा होतो. मामांनी लावला की मावशींचा निळा. बाकी काही नाही. ना शब्द, ना चेहरा. इथे संध्याकाळ व्हायला लागली की तिकडे मामा उठतात आणि तोंड धुण्याआधी दिव्याला हात लावतात. त्यानंतरच मावशी खोलीतला दिवा लावतात.

"फोनवर आमचं भांडण होतं," मावशी एकदा म्हणाल्या होत्या. "दिव्यावर भांडता येत नाही."

भांडणाचा विषय नेहमी एकच. मामांचं म्हणणं, ताई, तू इकडे राहायला ये. मावशींचं म्हणणं, नाही. मागच्या खेपेला मामा चिडून बोलून गेले, "तिथे एकटी मरशील, कुणाला कळणारसुद्धा नाही." मावशी म्हणाल्या, पूर्णविराम, आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून फोन बंद, दिवा चालू. आणि आता दिवाही बंद.

"मग मामांना फोन करून सांगा ना, दिवा बिघडलाय म्हणून," मी म्हणाले.

"मी करू? फोन कुणी ठेवला होता?"

"तुम्ही."

"मग? ज्याने ठेवला त्याने उचलायचा नसतो." कपड्यांच्या चळतीची आधीच सरळ असलेली कड त्यांनी सरळ केली. "आता त्याला वाटत असेल, ताईने दिवासुद्धा तोडला. वाटू दे."

वाटू दे असं ज्या सुरात म्हटलं जातं, त्या सुरात ते म्हटलेलं नव्हतं. मी कानाची पक्की आहे, मला कळलं.

मी नेटवाल्याला फोन लावला. तो दर वाक्याला "काय आहे ना" म्हणतो, आणि म्हणताना घशात एक छोटी उचकी घेतो. मावशींना त्याच्या भेटीची हकीकत विचारली तर त्यांनीही नेमकं तसंच करून दाखवलं. "'काय आहे ना मॅडम, जुना डबा कंपनीने बंद केला. आता वेग बघा.' मी म्हटलं, मला वेग कशाला, मी कुठे पळतेय? म्हणाला, 'तुम्हाला काहीच करावं लागणार नाही.' ते खरं निघालं. काही होतच नाहीये." त्याने मावशींच्या फोनमध्ये 'जुनं नेटवर्क विसरा' दाबलं, नवं जोडून दिलं, टीव्ही जोडून दिला आणि जुना डबा पिशवीत घालून गेला. दिव्याकडे त्याने पाहिलंच नाही.

"काय आहे ना," तो मला फोनवर म्हणाला, "मला वाटलं दिवा म्हणजे दिवा."

माणूस वाईट नव्हता. दिव्याचं नाव, त्याच्या बुडावरचा नंबर, सगळं विचारून घेतलं आणि थोड्या वेळाने स्वतःहून उलट फोन केला. दिवा जुना, तो ज्या ॲपवरून जोडायचे ते ॲपच आता मिळत नाही. म्हणजे दिव्याला नवीन नाव, नवीन पासवर्ड शिकवायची सोयच उरलेली नाही. त्याला जे एकदा शिकवलं तेवढंच येतं.

"मग टाकून द्यायचा?"

"नाही, नाही. काय आहे ना, नव्या डब्यात दुसरं एक नाव चालवता येतं. टीव्ही, फोन नव्या नावावर राहू देत. दुसऱ्याला अगदी जुनं नाव द्यायचं, जुना पासवर्ड द्यायचा, बँड टू पॉइंट फोर, सुरक्षाही जुन्या पद्धतीची. दिव्याला वाटलं पाहिजे, आपला जुनाच डबा परत आला."

"म्हणजे नव्याने जुन्याची नक्कल करायची."

"हां, नक्कल. पण हुबेहूब. एक अक्षर लहानाचं मोठं झालं तरी तो ओळख दाखवणार नाही."

नक्कल म्हटल्यावर माझ्या अंगात आलंच. बाकीचं सगळं त्याने सांगितलं तसं मी केलं. जुनं नाव मला पाठ होतं. माझ्या फोनवर वायफायची यादी उघडली की सगळ्यात खाली, एकच फिकट रेघ आणि कुलूप घेऊन, 'ताई' असायचं. इंग्रजीत, टी मोठा. मामांनी ठेवलेलं.

"तू कधी पासवर्ड मागितला नाहीस तो?" मावशींनी विचारलं.

"आमच्याकडे आमचं आहे ना."

"कुणीच नाही मागितला," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, हजेरी घेतल्यासारखं म्हणाल्या. "इतका विचार करून ठेवला होता. सांगायची वेळच आली नाही."

"पण आठवतोय ना?"

"न आठवायला काय झालं? 'मी इथेच बरी.'"

मामा शेवटचे आले होते तेव्हाची गोष्ट. डबा त्यांनीच बसवला, दिवा त्यांनीच आणला. खिडकीशी उभं राहून भांडण चालू होतं, चल माझ्याबरोबर, नाही येत, चल, नाही. मध्येच मामांनी लॅपटॉप पुढे सरकवला, "पासवर्ड टाक काहीतरी. आठ अक्षरं तरी हवीत." मावशींनी खिडकीबाहेर बघत उत्तर टाइप केलं. पडद्यावर नुसते ठिपके उमटले. मामांनी काय टाकलंस ते विचारलं नाही, मावशींनी सांगितलं नाही. दिवा जोडताना लॅपटॉपने पुन्हा विचारलं, मावशींनी पुन्हा टाइप केलं. फोन आणि टीव्ही मामांनी डब्याचं बटण दाबून जोडले. उत्तर तसंच ठिपक्यांमागे राहिलं.

आता सोपं आहे असं मला वाटलं. मग 'मी'ला आम्ही अडलो.

"एम आय की एम डबल ई?"

"मी दीर्घ आहे. डबल ई कर."

केलं. डबा बंद होऊन चालू झाला. लाल ठिपका उघडमीट. मग एम आय. मग 'इथेच'मध्ये टीनंतर एच एकदा की दोनदा, आणि शेवटी सी एच की नुसता सी. 'बरी'चा ए एक की दोन. मध्ये जागा सोडली का? सोडली असेल. नसेल. दर वेळी डबा जागा व्हायला वेळ लावायचा, तोवर आम्ही दोघी दिव्याकडे बघत बसायचो, आणि दिवा आमच्याकडे तांबडा डोळा मारायचा.

"बरी बी यू आर वाय लिहिलं तर?" मी कंटाळून म्हणाले. "पण त्याचा इंग्रजीत अर्थ पुरणं होतो."

"तेही करून बघ," मावशी म्हणाल्या. "ठोंब्याचं तेच म्हणणं होतं."

मी करून पाहिलं. हसू दोघींनाही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पुन्हा बसलो, तिसऱ्या दिवशीही. मी आले की मावशी कपड्यांची चळत पलंगावर ठेवायच्या आणि निघाले की परत खुर्चीवर. उन्हं कलली की त्यांचं बोलणं तुटक व्हायचं. घड्याळाकडे बघायच्या नाहीत, बघावं लागायचं नाही. "आता उठला असेल," एवढंच म्हणायच्या. मग थोड्या वेळाने, "आता आंघोळीला गेला." खोलीत अंधार दाटायचा तरी त्या दिवा लावायच्या नाहीत. मीच उठून बटण दाबायचे, तेव्हा त्या डोळ्यांवर हात धरायच्या आणि म्हणायच्या, "हो, लाव. लावायचाच असतो."

त्या संध्याकाळी मी हात टेकले होते. शब्दाची इतकी रूपं करून झाली होती की 'बरी' हा शब्दच मला परका वाटायला लागला होता. मावशी खिडकीबाहेर बघत पुटपुटल्या, "मी इथेच बरी," आणि त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर हलली. खट खट खट. थांबून एक जड. मग खटाखट.

ऐकलं की वाजवून बघायची मला खोडच आहे. मी माझ्या बाजूने तेच वाजवलं.

"काय वाजवतेस?"

"तुम्ही आत्ता वाजवलंत ते. आता पुन्हा म्हणा बरं."

त्या म्हणाल्या. बोटं पुन्हा तशीच हलली, त्याच जागी जड पडली. एम आयवाली ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. तिच्यात असा जड ठोका कुठे बसतच नव्हता; शिफ्ट दाबली की करंगळी जशी रुतते तसा.

"मावशी, तुम्ही हे इंग्रजी अक्षरं दाबताय का?"

"इंग्रजी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना पोहायला येतं का विचारलं. "इंग्रजी टायपिंग मला कुठे येतं. आमच्या क्लासला इंग्रजीचे सर वेगळे होते."

मग मी धावत घरी जाऊन माझा लॅपटॉप घेऊन आले.

त्यांनी आधी त्याच्यावरून बोट फिरवलं. "ह्याला काय बटणं म्हणायची? हे चिवडणं झालं."

"त्या दिवशी चिवडलंत तसंच चिवडा. बाहेर बघून."

त्या ताठ बसल्या. मनगटं उचलली. खिडकीबाहेर पाहिलं आणि एका दमात टाइप केलं. पडद्यावर उमटलं: ई, एच, बी, मोठा एफ, के, एस, पी, सी, जे, एच.

"बिघडलाय तुझा," मावशी म्हणाल्या.

"पुन्हा करा."

पुन्हा तेच. अक्षराला अक्षर. लॅपटॉप बिघडलेला नव्हता. त्यांची बोटं आपल्या मराठी यंत्रावरचा म, वेलांटी, इ शोधत जात होती आणि त्या जागी बसलेलं जे कुठलं इंग्रजी अक्षर असेल ते दाबत होती.

"हा एफ मोठा का?"

"थ आधी अर्धा घ्यायचा, शिफ्ट दाबून, मग काना," त्या क्लासमधल्या आवाजात म्हणाल्या, आणि मग साध्या आवाजात, "म्हणजे ह्या कचऱ्यात मी आहे होय."

मी तो कचरा जसाच्या तसा डब्यात भरला. डबा विझला. पेटला. दिव्याचा लाल ठिपका उघडमीट, उघडमीट, आणि मग गेला. काहीच नाही. नुसती दुधी काच. मी म्हणणार होते, मावशी, नाही जमलं.

दिवा निळा झाला.

मावशींनी हात लावला नव्हता. निळा हळूहळू ओसरला, आणि पुन्हा भरला. पुन्हा ओसरला, पुन्हा भरला. तिकडे ठोंब्यामामा दिव्याला हात लावत होते, एकदा लावून थांबत नव्हते. इतके दिवस रोज या वेळी तेच करत असणार; इकडे पोचत नव्हतं इतकंच.

मावशींनी पदराला हात पुसला, का ते माहीत नाही, हात कोरडाच होता. आणि तळवा पुरता काचेवर ठेवला. निळा थांबला. क्षणभराने फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, पण मामांचा आवाज इतका मोठा की मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"ताई, दिवा का बंद केला होतास?"

"मी नाही केला. डबा बदलला."

"मग फोन करायचास."

"तू करायचास."

"मी रोज हात लावत होतो गं."

"मग दुखला असेल हात. ठेव आता, पूर्णविराम."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. मग मामा म्हणाले, "स्वल्पविराम, ताई."

"स्वल्पविराम? मग पुढे काय?"

"पुढे काही नाही. राहू दे तसाच थोडा वेळ."

आणि राहिला. फोन कानाला, दोघांपैकी कुणी बोलत नव्हतं. तिकडे कुठेतरी नळ चालू होता, तो ऐकू येत होता. मी फळीपाशी जाऊन डब्यावरची झिल्ली काढत बसले. ती लांबलचक निघते, वेळ जातो.

फोन संपल्यावर मावशींनी खोलीतला दिवा लावला. ड्रॉवर उघडून स्टेपलर काढून माझ्या हातात दिला. "ज्याच्यासाठी आलीस ते घेऊन जा. आईला काय सांगशील?"

मी मान जरा ताठ केली, त्यांची असते तशी, आणि त्यांच्याच आवाजात म्हणाले, "मी इथेच बरी, पूर्णविराम."

घरी या नकलेवर हमखास हशा मिळतो. मावशी नुसत्या बघत राहिल्या.

"असा लागतो माझा आवाज?"

"अगदी असाच."

"खोटा लागतो," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "पासवर्ड बदलायचा का? नेटवाला म्हणत होता, डब्यात कधीही बदलता येतो. तुम्हाला हवा तो ठेवू."

त्यांनी दिव्याकडे पाहिलं. काच परत दुधी झाली होती.

"आणि ह्याला नवा शिकवता येईल?"

"नाही. याला तेवढा एकच येतो."

"मग राहू दे," मावशी म्हणाल्या, आणि पलंगावरची कपड्यांची चळत उचलून खुर्चीवर ठेवली.